आम्हाला विषय शिकवा

आज शिक्षकांच्या प्रशिक्षणाहून आले ती डोकं तापवूनच. चहा गॅसवर आहे आणि मी लिहायला बसलेय. शब्द कमी-जास्त झाला तर सांभाळून घ्या.

वेळ सकाळी दहाची. पाहुणे आले साडेअकराला. दीपप्रज्वलन, सत्कार, प्रास्ताविक यात साडेबारा वाजले. मग सुलभकांनी, म्हणजे प्रशिक्षण देणाऱ्यांनी, पीपीटी लावली आणि पडद्यावर जे दिसत होतं तेच वाचून दाखवलं. अध्ययन निष्पत्ती, क्षमता, मूल्यमापन. गटचर्चा, तक्ते, तक्ता हातात धरून फोटो. फोटो ग्रुपवर टाका, लिंक भरा, निघा. विषय काय होता? सहावी ते आठवीचं गणित. अख्ख्या दिवसात फळ्यावर एक गणित सोडवलं गेलं नाही. एकसुद्धा नाही!

मागून एका सरांनी हात वर केला. अपूर्णांकांच्या भागाकारात मुलं अडकतात, ते नेमकं समजवायचं कसं? उत्तर मिळालं, "सर, तो आशयाचा भाग झाला, तो तुम्हाला येतोच. आपण पद्धतीवर बोलतोय."

तो तुम्हाला येतोच. इथेच माझी सटकली. कारण येत नाही. आपल्यातल्या कितीतरी जणांना येत नाही, आणि हे आपण स्टाफरूममध्ये एकमेकांनाही सांगत नाही.

आमच्याच शाळेत घडलेलं सांगते. सहावीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, भाग दिल्यावर संख्या लहान होते ना? मग तीनला पावने भागून बारा कसे आले?" सर तरुण, मनापासून शिकवणारे, शाळा सुटल्यावर थांबून शिष्यवृत्तीची तयारी करून घेणारे. ते म्हणाले, "नियम आहे बाळा, उलटा करून गुणायचं." मुलगी खाली बसली. संध्याकाळी सर माझ्याकडे आले. "मॅडम, मलाही हे आजवर कुणी सांगितलं नाही हो."

मग आम्ही दोघं बसलो. पोरीच्या घरचं दूध डेअरीला जातं, म्हणून तेच उदाहरण घेतलं. तीन लिटर दूध, पाव लिटरचं माप. किती मापं भरतील? एका लिटरची चार, तीन लिटरची बारा. भागाकार म्हणजे ‘यात ते किती वेळा मावतं’ एवढंच. माप जितकं लहान, तितकी मापं जास्त. आता माप पाऊण लिटरचं घ्या. पाव-पावची बारा आहेतच, तीन-तीन पाव एकत्र केले की झाली चार मापं. म्हणजे तीनला आधी चारने गुणलं आणि मग तीनने भागलं. तीन चतुर्थांश उलटून चार तृतीयांश होतो तो इथून! सर कागदाकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात बादली आणि माप नेलं, आणि त्या मुलीलाच पुढे बोलावून मोजायला लावलं.

हे त्यांना डी.एड.ला का सांगितलं नाही? तिथे पाठ टाचण शिकवलं, शैक्षणिक साहित्य बनवायला शिकवलं, मानसशास्त्राच्या व्याख्या पाठ करून घेतल्या. सहावीचं गणित मात्र ‘येतंच’ म्हणून सोडून दिलं. आणि ज्यांनी त्यांना शाळेत शिकवलं, त्यांनाही ते असंच ‘येत होतं’.

आता टीईटीचं, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचं. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, पाच वर्षांपेक्षा जास्त सेवा उरलेल्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं आहे. परीक्षेला माझा विरोध नाही, काही मित्रांना हे आवडणार नाही तरी. पण दीडशे बहुपर्यायी प्रश्नांतून तुम्हाला कळणार काय? त्या सरांनी ‘बारा’वर खूण केलीच असती. ती मुलगी ‘कसे’ विचारत होती. परीक्षा घ्या, पण त्याआधी शिकवा तरी!

हो, आपलेही काही जण प्रशिक्षणात मोबाईल बघत बसतात, ऑनलाइन कोर्सचे व्हिडिओ नुसते सुरू करून ठेवतात आणि प्रमाणपत्र घेतात. मान्य. पण ज्या प्रशिक्षणात शिकण्यासारखं काही नाही, तिथे माणूस दुसरं काय करणार?

आणि हे जमत नाही असं कुणी सांगू नये. मध्य प्रदेशात होशंगाबादला १९७२ मध्ये सोळा शाळांपासून विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला. तिथे मुलांनी करायचे प्रयोग आधी शिक्षक स्वतः करायचे. विद्यापीठातले प्राध्यापक, संशोधक त्यांच्याबरोबर बसायचे, शिक्षक उलटसुलट प्रश्न विचारायचे. शिवाय दर महिन्याला बैठक, वर्गात कुठे अडलं त्यावर बोलायला. तीस वर्षं चाललं ते. २००२ मध्ये सरकारने बंद केलं, तो वेगळा संताप.

आपल्याकडेही दर महिन्याला केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद असतेच की. नवा जीआर नको, निधी नको. परिपत्रकं ग्रुपवर आलेलीच असतात, ती पुन्हा वाचू नका. त्या वेळात एकच घटक घ्या. अपूर्णांक घ्या, ऋण संख्या घ्या, ऋण गुणिले ऋण धन का होतं ते घ्या. जो रोज वर्गात शिकवतो त्यालाच फळ्यापाशी उभं करा. ‘मला हे कळत नाही’ असं म्हणणाऱ्या शिक्षकाकडे कुणी हसून बघणार नाही, एवढं बघा. ही शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड आहे, मला माहीत आहे.

पुढच्या परिषदेत आमचे तेच सर अपूर्णांकांचा भागाकार घेणार आहेत. केंद्रप्रमुखांनी अर्धा तास दिलाय, मी दोन तास मागतेय. आपल्या केंद्रातल्या ज्यांना एखाद्या घटकाची धास्ती वाटते, त्यांनी मला इनबॉक्समध्ये लिहा. कुठलाही घटक चालेल, पाचवीचा असला तरी. नाव माझ्याकडेच राहील.