न्हाणीघरातला अंधार

आमच्या वन बीएचकेत सगळं आहे, अंधार तेवढा नाही. कॅमेऱ्यातला फिल्मचा रोल घरीच धुवायचा ठरवल्यावर हे कळलं.

न्हाणीघराच्या तावदानांना काळा कागद चिकटवला, दाराखालच्या फटीत सतरंजी कोंबली आणि बादली पालथी घालून आत बसलो. फिल्म रिळावर चढवायची तर मिट्ट काळोख लागतो, तिथे लाल दिवासुद्धा चालत नाही. पाच मिनिटांत डोळे सरावले आणि एकेक चोर दिसायला लागला. कडीच्या भोकातून किरण, एक्झॉस्टच्या पात्यांमधून समोरच्यांची ट्यूब, आणि गीझरचा तो इवलासा तांबडा डोळा! इतकी वर्षं त्याच्यासमोर अंघोळ केली, कधी लक्ष गेलं नव्हतं.

बाहेरून आई : "अरे, पोट बिघडलंय का? ओवा देऊ?"

डेव्हलपरचे, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनाचे, लाड वेगळेच. त्याला २० अंश लागतात. मे महिन्यात पुण्यातल्या आमच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी चहाला अर्धं तयार असतं. मग परातीत बर्फ ओतून त्यात बाटली उभी केली. तो बर्फ पाहुण्यांच्या पन्ह्यासाठी होता, हे बायकोने नंतर सांगितलं. सविस्तर सांगितलं. उमटलेलं चित्र पक्कं करणाऱ्या हायपोचे खडे तर हुबेहूब खडीसाखर. डबा देवघरापासून लांब ठेवावा लागला.

एवढं करून निगेटिव्ह निघाल्या, दोरीवर टॉवेलशेजारी चिमट्यांनी लटकल्यासुद्धा. आता प्रिंट. बंद पडलेल्या स्टुडिओतून आणलेला एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणारं यंत्र, वॉशिंग मशीनवर चढवला. (मशीन चालू असताना प्रिंट काढू नये. हा शोध माझा.) ब्लॅक अँड व्हाइटच्या कागदाला लाल उजेड सहसा चालतो, म्हणून देवघरातला झिरोचा लाल बल्ब उसना घेतला. पण जाणकार आधी परीक्षा घ्यायला सांगतात : कागदावर नाणं ठेवून पाच मिनिटं थांबायचं, मग कागद डेव्हलपरमध्ये टाकायचा. सगळा पांढराच राहिला तर दिवा पास.

ट्रे हलवत राहिलो. कागद हळूहळू करडा झाला, मधोमध पांढराशुभ्र वाटोळा चंद्र उरला. झिरो म्हणवणारा तो बल्ब बारा-पंधरा वॅट खातो, आणि त्यावरचा रंग नुसता भक्तिभावाचा.

तरी पहिलीच प्रिंट! हायपोतून काढली, धुतली, वाळवली आणि आईच्या हातात दिली. तिने चष्मा लावला, उलटसुलट करून पाहिली.

"एवढ्या खटाटोपात दोनच रुपये निघाले?"