निखळलेला खांदा आणि फिरता सल्ला

नाशिकमधल्या कबड्डी व कुस्ती खेळणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरणारा एक संदेश सांगतो, की निखळलेला खांदा मैदानातच ओढून बसवावा, हात दोन महिने गळ्यात बांधावा, मग दंड मारून खांदा पक्का करावा. शस्त्रक्रिया केली तर हात कायमचा आखडतो, असेही त्यात म्हटले आहे.

सांधा लवकर बसवावा, एवढे खरे. पण ओढण्याआधी हाड मोडले आहे का, हे एक्स-रेत पाहावे लागते आणि दंडाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा आहे का, हे तपासावे लागते, कारण तिथली नस खांदा निखळताना ताणली जाते. हे आधी पाहिले नाही, तर नुकसान निखळण्याने झाले की ओढण्याने, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

दोन महिने हात बांधल्याने खांदा पुन्हा निखळण्याचे टळत नाही. साधारणपणे तीन आठवडे पुरतात. चाळिशीपुढे तर सांधा लवकर आखडतो, शिवाय त्या वयात स्नायूबंध फाटला नाही ना, हेही पाहावे लागते.

व्यायामाचा मुद्दा अर्धाच खरा आहे. जन्मतः सैल, सर्व दिशांना सरकणाऱ्या खांद्याला आधी व्यायामच हवा आणि बहुतेकदा तो पुरतो. मात्र सुरुवात दंडांनी नव्हे, तर कोपर अंगालगत ठेवून रबरी पट्टा बाहेर ओढण्याने आणि पाठीवरच्या फऱ्याचे स्नायू बळकट करण्याने होते. याउलट चढाई करताना हात मागे ओढला जाऊन ज्याच्या खांद्याच्या खोबणीची कूर्चेची (मऊ हाडाची) कड फाटली, त्याची ती कड स्नायू कमावल्याने शिवली जात नाही; या इजेचे वर्णन शल्यचिकित्सक बँकार्ट यांनी 1923 मध्ये केले. विशीच्या आतल्या खेळाडूंत तर निम्म्याहून अधिक खांदे पुन्हा निखळतात.

अशा वेळी दुर्बिणीतून कड पुन्हा हाडाला बसवतात. खोबणीचे हाडच झिजले असेल, तर 1954 मध्ये शल्यचिकित्सक लाटार्जे यांनी मांडलेल्या पद्धतीने शेजारच्या हाडाचा तुकडा स्क्रूने तिथे लावतात. हात बाहेर वळवण्याची मर्यादा थोडी घटू शकते, क्वचित खांदा पुन्हाही निखळतो; पण कायमचा आखडणे हा नियम नव्हे, आणि ते टाळण्यासाठीच फिजिओथेरपी असते.

शस्त्रक्रियेनंतर कबड्डीत परतायला मात्र सुमारे सहा महिने लागतात. दिंडोरी-निफाडकडच्या ज्या द्राक्षबागायतदाराला मांडवाखाली हात वर धरून छाटणी करावी लागते, त्याने ऑक्टोबरची छाटणी जमेस धरूनच शस्त्रक्रियेची तारीख ठरवावी.