दोर दिसतो, तरी हात थरथरतो

काका (वय सत्तर लिहिलंत, म्हणून काका म्हणते), भावाला कुत्रा चावल्यावर मी जो लेख लिहिला, त्यावर तुमचं म्हणणं असं: ‘दोर आहे हे कळलं की साप उरत नाही. साखळीतल्या कुत्र्याला घाबरणं हा मनाचा कच्चेपणा, मेंदूचं नाव ही नुसती सबब.’ अंधारात दोर साप भासतो, हा रज्जुसर्पाचा दाखला मलाही आवडतो, पण इथे तो लागू पडत नाही.

कारण कळणं वेगळं आणि घाबरणं वेगळं. १९९५ साली अमेरिकेत आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना पडद्यावर रंग दाखवले. निळ्याबरोबर बोटीचा कर्णकर्कश भोंगा, बाकीच्या रंगांबरोबर काही नाही. निरोगी माणसाच्या तळहाताला पुढे नुसत्या निळ्यानेही घाम सुटू लागतो. एका बाईचा अमिग्डाला (मेंदूतला धोक्याची दखल घेणारा भाग) दोन्ही बाजूंनी निकामी होता. भोंगा निळ्यावर वाजतो हे तिने अचूक सांगितलं, तळहात मात्र कोरडाच. दुसऱ्या रुग्णाचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे घडलेलं लक्षात ठेवणारा मेंदूचा भाग, खराब झालेला. त्याला कोणता रंग ते सांगता येईना, आणि निळा दिसला की घाम हजर!

अमिग्डालाला मी ‘भीतीचं केंद्र’ म्हटलं, त्यावरचा तुमचा आक्षेप मात्र मान्य. त्याच बाईला पुढे कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा हुंगवली, तेव्हा ती भयंकर घाबरली. म्हणजे अमिग्डालाशिवायही भीती वाटू शकते.

शिवाय भीती गेली तरी पुसली जात नाही. विझलेला प्रतिसाद काही काळाने आपोआप परततो, हे कुत्र्यांवर प्रयोग करणाऱ्या रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हनेच पाहिलं होतं. मेंदू जुनी नोंद ठेवून तिच्यावर ‘आता धोका नाही’ अशी नवी नोंद करतो. २००२ मध्ये प्वेर्तो रिकोत उंदरांच्या मेंदूच्या पुढच्या भागात ही नवी नोंद पुढे आठवताना चेतणाऱ्या पेशी सापडल्या. त्या जितक्या चेतल्या, तितका उंदीर भीतीने कमी थिजला. आणि ही नवी नोंद जागेला फार चिकटून असते.

आमच्या जिन्यातला म्हातारा मोती भावाच्या चपला हुंगतो, भाऊ त्याचे कान खाजवतो. तोच मोती दूध केंद्रापाशी, जिथे चावा बसला तिथे, साखळीत दिसला की भाऊ पलीकडे जातो. गेल्या आठवड्यात म्हणाला, “अगं, आपला मोतीच आहे, कळतंय मला.” आणि माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली.

त्याला कच्चा म्हणू नका, काका. मोतीला घेऊन आम्ही आता रोज संध्याकाळी त्याच केंद्रासमोर उभे राहतो. सुरुवात रस्त्याच्या पलीकडून केली होती, काल दुभाजकापर्यंत आलो.