ऑस्ट्रेलियन नौदलाचे पंख कसे गेले

एखाद्या देशाचं नौदल समुद्रावरून विमानं उडवायचं बंद करतं, ते बहुतेक वेळा कुणी सरळ तसं ठरवलं म्हणून होत नाही. पुढे ढकलत ढकलत होतं. भारताच्या तिसऱ्या विमानवाहू नौकेचा विषय निघाला की "बघू, अजून वेळ आहे" म्हणणारे बरेच भेटतात. त्यांच्यासाठी ही ऑस्ट्रेलियाची गोष्ट लिहिते आहे. लांबली आहे, पण सवडीने वाचा.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी ब्रिटनने मॅजेस्टिक वर्गातल्या सहा विमानवाहू नौका बांधायला घेतल्या होत्या. युद्ध संपलं आणि त्यांची गरजही संपली. ‘टेरिबल’ ऑस्ट्रेलियाने घेतली, तिची ‘सिडनी’ झाली. ‘मॅजेस्टिक’ची ‘मेलबर्न’ झाली. ‘मॅग्निफिसंट’ आणि ‘पॉवरफुल’ कॅनडाकडे गेल्या, त्यातल्या ‘पॉवरफुल’चं नाव ‘बोनाव्हेंचर’ ठेवलं. ‘लेव्हायथन’ कधी पुरीच झाली नाही. आणि ‘हर्क्युलिस’ १९५७ साली भारताने घेतली. ४ मार्च १९६१ ला बेलफास्टमध्ये ती आयएनएस विक्रांत म्हणून दाखल झाली.

म्हणजे आपली जुनी विक्रांत, जी २०१४ साली मुंबईच्या दारूखान्यात तोडायला गेली, ती आणि मेलबर्न सख्ख्या बहिणी. तीन देशांनी एकाच नमुन्याची जहाजं घेऊन समुद्रावरून विमानं उडवायचं काम केलं. कॅनडाने १९७० मध्ये बोनाव्हेंचर काढून टाकली आणि विषय संपवला. ऑस्ट्रेलियाचं १९८० च्या दशकात संपलं. आपलं टिकलं. मी वास्कोत वाढले आणि आता सिडनीत राहते, त्यामुळे टिकलेलं आणि संपलेलं, दोन्ही माझ्या परिचयाचं आहे.

ऑस्ट्रेलियाने हे हौस म्हणून केलं असं कुणी समजू नये. ‘सिडनी’ कोरियाच्या युद्धात लढली. ११ ऑक्टोबर १९५१ या एका दिवसात तिच्यावरून ८९ उड्डाणं झाली, सी फ्युरी आणि फायरफ्लाय विमानांची. एवढ्याशा जहाजावरून, नौदलाचा हवाई विभाग सुरू होऊन जेमतेम तीन वर्षं झालेली असताना. १९५५ मध्ये मेलबर्न आली ती तिरका डेक, वाफेचं कॅटापल्ट (विमानाला उड्डाणासाठी जोरात पुढे फेकणारं यंत्र) आणि उतरण्यासाठी आरशाची यंत्रणा घेऊनच. त्या काळात याहून आधुनिक जहाज फार कमी नौदलांकडे होतं. १९५९ मध्ये सरकारने नौदलाची पंखांची विमानं (म्हणजे हेलिकॉप्टर सोडून बाकी सगळी) १९६३ पर्यंत बंद करायचं जाहीर केलं, मग तो निर्णय मागे घेतला, आणि १९६७ मध्ये अमेरिकेहून स्कायहॉक आणि ट्रॅकर ही विमानं आणली. इतकं मागेपुढे झालं तरी माणसं कामावर होती, म्हणून सगळं निभावलं.

ही माणसं नक्की काय करतात ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं नुकसान समजणार नाही.

मेलबर्नची पूर्ण लांबी सुमारे २१४ मीटर. उतरायला त्यातलाही थोडाच भाग मिळतो, आणि तोही लाटांवर खालीवर होणारा. स्कायहॉकच्या शेपटीखाली लोखंडी हुक असतो. डेकवर आडव्या टाकलेल्या तारांपैकी एक त्या हुकात अडकली पाहिजे. चाकं डेकला टेकली की वैमानिक इंजिनचा जोर कमी करत नाही, उलट पूर्ण वाढवतो. कारण तार चुकली तर समोर समुद्र आहे आणि त्याला तसंच पुन्हा उडायचं आहे. खालच्या मजल्यावर तारेच्या यंत्रापाशी कुणीतरी उभा असतो. येणारं विमान हलकं स्कायहॉक आहे की जड ट्रॅकर, त्याप्रमाणे तो ताण बदलतो. डेकच्या कडेला एक अधिकारी विमान वर आहे की खाली हे नजरेने ओळखून वैमानिकाशी बोलत असतो. पंख दुमडणारे, विमान ढकलणारे, कॅटापल्टला जोडणारे, आग विझवायला तयार उभे असलेले, असे सगळे मिळून हे काम चालतं. रात्री, पावसात, डेक हलत असताना.

यातलं बरंचसं पुस्तकात आहे. पण पुस्तक वाचून कुणी ते करू शकत नाही. आधीच्याने पुढच्याला हाताला धरून शिकवायचं, असंच ते चालतं. बियाणं म्हणून ठेवलेलं धान्य एकदा दळून खाल्लं की पुढच्या पेरणीला काय करणार?

आता १९८२ कडे येऊ. मेलबर्न म्हातारी झाली होती. बदली जहाजाचा विचार वर्षानुवर्षं चालला होता, अभ्यास झाले, पर्याय तपासले गेले. तेवढ्यात ब्रिटनने खर्च कमी करायला आपली नवीकोरी इन्व्हिन्सिबल विकायला काढली. किंमत साडेसतरा कोटी पौंड. फेब्रुवारी १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या फ्रेझर सरकारने ती घेण्याचं जाहीर केलं. नवी येणार म्हणून जुनी काढायची तयारी झाली.

२ एप्रिलला अर्जेंटिनाने फॉकलंड बेटं घेतली. तीनच दिवसांनी इन्व्हिन्सिबल पोर्ट्समथहून दक्षिणेला निघाली. तिच्याबरोबर हर्मिस होती, जी पुढे आपली विराट झाली. या दोन नौका नसत्या तर ब्रिटनला ते युद्ध लढताच आलं नसतं, आणि त्यातली एक त्यांनी विकायला काढलेली होती! अर्थातच मग त्यांना ती विकायची नव्हती. ऑस्ट्रेलियाने समजूतदारपणे सौदा सोडून दिला. पण मेलबर्न ३० जून १९८२ ला सेवेतून गेलेलीच होती. मार्च १९८३ मध्ये निवडणूक होऊन हॉक सरकार आलं आणि त्याच महिन्यात त्यांनी जाहीर केलं की बदली विमानवाहू नौका घेणार नाही. १९८४ पर्यंत ट्रॅकर निवृत्त झाली आणि वीसपैकी उरलेली दहा स्कायहॉक न्यूझीलंडला विकली.

शेवटचा निर्णय हॉकचा होता हे खरं. पण मला त्यांच्यावर सगळा दोष ठेवता येत नाही. समोर जहाज नव्हतं, विमानं जुनी, पैसा मोठा. नाही म्हणणं सोपं होतं, कारण आधीच्या दहा वर्षांत कुणी वेळेत हो म्हणालं नव्हतं.

यानंतरची एक गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते. सिडनीच्या दक्षिणेला नाउरा नावाचं गाव आहे, तिथे नौदलाचा अल्बट्रॉस हा हवाई तळ. विमानं गेल्यावर लक्षात आलं की युद्धनौकांना हवाई हल्ल्याचा सराव द्यायला नौदलाकडे स्वतःचं वेगवान विमानच उरलेलं नाही. मग १९९१ पासून न्यूझीलंडच्या हवाई दलाची एक तुकडी नाउराला येऊन राहिली. तिच्याकडे स्कायहॉक होती, आणि त्यांच्यात ऑस्ट्रेलियानेच विकलेलीही होती. जी विमानं इथल्याच नौसैनिकांनी सांभाळली, त्यांचाच सराव आता दुसऱ्या देशाकडून घ्यायचा! २००१ मध्ये न्यूझीलंडने आपली लढाऊ विमानंच बंद केली आणि तेही गेलं. त्यातलं एक स्कायहॉक परत येऊन नाउराच्या संग्रहालयात उभं आहे. त्याच्या शेपटीखालचा हुक हाताच्या अंतरावर दिसतो. अंगठ्यापेक्षा कितीतरी जाड दांडा, टोकाला तार पकडणारा ‘बूट’. तारेवर आपटून आपटून झिजण्यासाठीच बनवलेली वस्तू.

आणि मेलबर्न? तीही भंगारात गेली, १९८५ मध्ये, चीनला. चिनी तज्ज्ञांनी तोडण्याआधी तिचा डेक, कॅटापल्ट, तारांची यंत्रणा सगळं बारकाईने अभ्यासलं. आज चीनकडे तीन विमानवाहू नौका आहेत. त्या सगळ्या मेलबर्नमुळे झाल्या असं मी म्हणणार नाही, ते खरं ठरणार नाही. पण एकाने फेकलेलं ज्ञान दुसऱ्याने उचलून जपलं, एवढं नक्की.

सिडनीच्या गार्डन आयलंड गोदीत आज ऑस्ट्रेलियाची कॅनबेरा आणि अ‍ॅडलेड ही मोठी जहाजं दिसतात. नाकाशी डेक वर वळलेला आहे, विमानांच्या उड्डाणासाठी असतो तसा. मूळ नमुना स्पेनचा, स्पेन आपल्या तशाच जहाजावरून हॅरियर ही लढाऊ विमानं उडवतं. ऑस्ट्रेलियाने तो उतार तसाच ठेवला, कारण काढायचा तर आराखडा बदलावा लागला असता. तिथून फक्त हेलिकॉप्टरं उडतात. २०१४ मध्ये तिथून एफ-३५बी विमानं चालवता येतील का याचा विचार झाला, आणि खर्च आणि फेरफार बघून तो सोडून दिला.

आता दुसरी बाजू. ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या तेव्हा दीड कोटीच्या आसपास, मागे अमेरिका उभी. मेलबर्न कधीही प्रत्यक्ष युद्धात लढली नाही. दोन भीषण टकरींमध्ये मात्र तिचं नाव आलं, १९६४ मध्ये ‘व्हॉयेजर’ला धडकून ८२ आणि १९६९ मध्ये अमेरिकेच्या ‘फ्रँक ई. इव्हान्स’ला धडकून ७४ माणसं गेली.  ऑस्ट्रेलियाला हा निर्णय परवडला, हे मी मान्य करते. ब्रिटननेही २०१० मध्ये हॅरियर काढून टाकली, पण त्यांच्या वैमानिकांना अमेरिकन जहाजांवर सराव मिळत राहिला आणि नव्या जहाजांनंतर त्यांनी पुन्हा उभं केलं. दोघांनाही मागे टेकायला कुणीतरी होतं.

भारताला तसं कुणी नाही. १९७१ मध्ये विक्रांतच्या बॉयलरला तडा गेलेला होता, वेग कमी ठेवावा लागत होता, बंगालच्या उपसागरात वारा पडलेला. तरी ४ डिसेंबरपासून तिची सी हॉक विमानं चितगाँग आणि कॉक्स बाजारवर गेली, अलिझे विमानांनीही हल्ले केले. तेव्हा आपल्याला मदत करायला दुसऱ्या कुणाचं जहाज येणार नव्हतं. अमेरिकेचं आलं होतं, ते आपल्या विरोधात.

आणि आपणही या कलेचा अर्धा भाग एकदा घालवला आहे, हे फार कमी जणांना माहीत आहे. १९८० च्या दशकात विक्रांतचं कॅटापल्ट काढलं, अलिझे जहाजावरून कायमची हटली. त्यानंतर सी हॅरियर होती, ती उभ्या उभ्या उतरायची, हुक नाही, तार नाही. लहानपणी दाबोळीच्या बाजूने तिचा आवाज आला की आम्ही अंगणात धावायचो. पण त्या पंचवीसेक वर्षांत तारेवर विमान उतरवणारे आपले वैमानिक निवृत्त होत गेले. मिग-२९के घ्यायची ठरली तेव्हा आपल्या मुलांना अमेरिकेत पाठवून हुकाने उतरणं शिकवावं लागलं. मग गोव्यात हंसा या नौदलाच्या हवाई तळावर उतार आणि तारा असलेली सरावाची सोय उभी केली. दाबोळीवर सकाळचे काही तास नागरी विमानांना मिळत नाहीत म्हणून गोव्यात रागावणारे माझे नातेवाईक आहेत, त्यांची अडचण खरीच आहे. पण त्या आवारात जे चालतं ते देशात दुसरीकडे उचलून नेता येण्यासारखं नाही.

आता हिशोब बघा. आपल्याकडे आज दोन विमानवाहू नौका आहेत, विक्रमादित्य आणि नवी विक्रांत. विक्रमादित्यचा मूळ सांगाडा १९८७ मध्ये सोव्हिएत नौदलात आलेला. नव्या विक्रांतचा कणा कोचीत २००९ मध्ये ठेवला, ती २०२२ मध्ये दाखल झाली, म्हणजे तेरा वर्षं. आज ऑर्डर दिली आणि तेवढाच वेळ लागला, तर नवं जहाज येईपर्यंत विक्रमादित्य पन्नाशीला टेकलेली असेल. मधल्या काळात ती दुरुस्तीला गेली की एकटी विक्रांत. आणि विक्रांत दुरुस्तीला गेली की? १९९९ मध्ये कारगिलच्या वेळी विराट दुरुस्तीत होती, त्या उन्हाळ्यात भारताकडे एकही विमानवाहू नौका समुद्रावर नव्हती. रफाल-मरीनची २६ विमानं घ्यायचा करार २०२५ मध्ये केला, ते योग्यच केलं. पण विमानं आली आणि जहाज नसलं तर त्यांचा उपयोग काय?

कोचीच्या गोदीत ज्यांनी विक्रांत बांधली ते वेल्डर, आरेखक, अभियंते आज कामाच्या वयात आहेत. आणखी दहा वर्षांनी नसतील. म्हणून माझं म्हणणं एवढंच की तिसऱ्या जहाजाची ऑर्डर याच सरकारने, याच कार्यकाळात द्यावी. नवा भव्य आराखडा नको असेल तर विक्रांतचाच पुन्हा बांधा.

आणि एक विनंती. वास्को, कुलाबा, पुणे, कोची इथे अजून अशी माणसं आहेत ज्यांनी जुन्या विक्रांतवर अलिझेला तारेवर थांबताना खालच्या यंत्रापाशी उभं राहून पाहिलं, ज्यांनी कॅटापल्ट चालवलं. तुमच्या घरात असं कुणी असेल तर त्यांच्याकडून लिहून घ्या. त्यांना लिहिणं जमत नसेल तर फोनवर रेकॉर्ड करा. कुठला वाल्व्ह, किती दाब, कशावरून कळायचं की तार थकली आहे, सगळं विचारा. सेवेतल्या कुणाचं नाव आणि आत्ताच्या जहाजांबद्दल काही टाकू नका, जुनंच सांगा. कमेंटमध्ये लिहिलंत तरी चालेल, मी एकत्र करून ठेवते.