पाचशे रुपये चावीचे नसतात

'बाइकची चावी हरवली? चावीवाल्याकडून लुटून घेऊ नका!' हा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर पंधरा दिवसांत तीनदा येऊन गेला, आणि काल भावकीच्या ग्रुपवरही उगवला. खाली पाच मुद्दे आहेत. वीस रुपयांच्या चावीचे हे लोक पाचशे उकळतात. शोरूमला चॅसी नंबर सांगितला की शंभरात चावी मिळते. घाईत असाल तर दोन वायरी जोडा, गाडी चालू. चावीवाला एक चावी स्वतःकडे ठेवून घेतो. आणि झालेला खर्च इन्शुरन्सवाले देतात. गेल्या पावसाळ्यात मी सिंहगडावर चावी घालवून बसलो होतो, म्हणून यावर चार शब्द.

आधी वीस रुपयांचं बघू. कोरी चावी स्वस्तच असते, त्यात वाद नाही. पण हातात एक चावी असताना दुसरी करून घेणं वेगळं आणि एकही नसताना नुसत्या कुलपावरून चावी घडवणं वेगळं. पहिल्या कामात मशीनवर एकीकडे जुनी चावी, दुसरीकडे कोरी, दोन मिनिटं करकर, शंभराच्या आतबाहेर पैसे द्यायचे नि निघायचं. दुसऱ्या कामात मशीन काय करणार? नक्कल करायला अस्सल तर हवी!

सिंहगडावर भजी, पिठलं, मडक्यातलं दही सगळं हाणून वाहनतळावर आलो तर खिसा रिकामा. अकरा वर्षांची स्प्लेंडर, हँडल लॉक केलेली. दुसरी चावी लातूरला, कारण मधली तीन वर्षं गाडी भावाकडे होती. तीन ठिकाणी फोन केले. पहिला म्हणाला, 'दोनशेपासून पुढे.' पुढे म्हणजे कुठपर्यंत, ते काही सांगेना. दुसऱ्याने घाट म्हटल्यावर फोनच ठेवला. तिसरा धायरीचा. त्याने मॉडेल विचारलं, हँडल लॉक आहे का विचारलं आणि म्हणाला, 'आठशे होतील साहेब, आरसी दाखवावी लागेल.'

तो तासाभराने भिजत वर आला. कोऱ्या चावीचं पातं त्याने लायटरच्या काजळीवर काळं केलं, कुलपात घातलं, हलका ताण देऊन वरखाली डुलवलं आणि बाहेर काढून मोबाइलच्या उजेडात तिरकं धरलं. काजळीत दोन ठिकाणी बारीक चकाकते ठिपके. आतल्या पितळी पट्ट्या तिथे अडत होत्या. त्या ठिपक्यांवर कानशीचे दोन हात, पुन्हा काजळी, पुन्हा कुलपात. मी छत्री धरून उभा. असं पंधरा-वीस वेळा झालं असेल. एक हात जास्त चालला की ती चावी भंगार, नवी घ्या, पहिल्यापासून सुरू करा. मग एकदम हँडल सुटलं.

आठशेत हे होतं, शिवाय घाटाचं येणं-जाणं आणि नाक्यावरची पावतीही. हेच काम मी गाडी ढकलत त्याच्या टपरीवर नेली असती तर त्याच्याच शब्दांत 'साडेतीनशे-चारशेत' झालं असतं. पण हँडल लॉक असलेली गाडी ढकलत न्यायची कशी, हे मेसेजवाल्याने सांगावं. गाडीगणिक भावही बदलतो. अ‍ॅक्टिव्हाच्या चावीच्या भोकावर चुंबकाने उघडणारं झाकण असतं, ते बंद असेल तर आधी त्याच्याशी झटापट. 2023पासून आलेल्या स्मार्ट चावीच्या अ‍ॅक्टिव्हासमोर तर कानस घेऊन बसणाऱ्याचा इलाजच नाही.

चॅसी नंबरचा मुद्दा अर्धवट खरा, म्हणून जास्त घातक. काही गाड्यांबरोबर चावीचा नंबर कोरलेला छोटा बिल्ला येतो. तो जपला असेल तर काही वेळा त्यावरून चावी मागवता येते. माझ्याकडे बिल्ला नव्हता. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर उत्तर आलं, 'गाडी घेऊन या, पूर्ण लॉकसेट बदलू.' म्हणजे इग्निशन, टाकीचं झाकण, बाजूचं कव्हर, सगळी कुलपं नवी. त्यांचं चूक नाही, पण त्यासाठी गाडी छोट्या हत्तीत घालून गड उतरवायची. शंभर रुपये राहिले बाजूला.

वायरींचं थोडक्यात. वायरी इंजिन चालू करतील, पण हँडल अडवून बसलेला लोखंडी खिळा विजेवर चालत नाही. एका बाजूला मान वाकडी करून गोल गोल फिरत बसा. पेट्रोलचं झाकण तरीही बंदच. आणि कापलेलं वायरिंग पुन्हा जोडून घ्यायचे पैसे चावीवाल्यापेक्षा जास्त.

चावीवाला चोर असतो, हे वाचून मात्र राग आला. मला आरसी मागणारा तोच एकटा होता. डिजिलॉकरमध्ये दाखवली, नाव जुळलं, मग पेटी उघडली. जुन्या गाडीचं इग्निशन इतकं झिजतं की दुसऱ्याच गाडीची चावीही कधीकधी फिरते. चोराला धायरीपर्यंत जायची गरज नाही. हां, चावी पाकिटासकट चोरीला गेली असेल आणि त्यात घरचा पत्ता असेल, तर लॉकसेट बदलाच. तिथे काटकसर नको.

लुटणारे नसतातच असं मी म्हणत नाही. 'दोनशेपासून पुढे' म्हणणाऱ्याने माझ्या मित्राचं कुलूप सरळ ड्रिल केलं आणि दोन हजार मागितले. म्हणून पूर्ण रक्कम फोनवरच ठरवा आणि पैसे देण्याआधी प्रत्येक कुलूप लावून बघा. माझी नवी चावी इग्निशनला लोण्यासारखी फिरली, पण टाकीच्या झाकणाला अडली. ते कुलूप कमी वापरातलं, कमी झिजलेलं, म्हणून कडक. त्याने आणखी दोन हात मारले तेव्हा उघडलं.

इन्शुरन्सचं म्हणाल तर हरवलेली चावी साध्या पॉलिसीत येत नाही, वेगळं कलम जास्तीचे पैसे भरून घ्यावं लागतं. उलट गाडी चोरीला गेल्यावर क्लेम करताना कंपनी गाडीच्या दोन्ही मूळ चाव्या मागते आणि एक कमी असेल तर प्रश्न विचारत बसते. हे कळल्यावर लातूरला फोन केला. भावाने चावी एसटीच्या पार्सलने पाठवली. ती जवळपास न वापरलेली, कड न झिजलेली, त्यामुळे नक्कल तिच्यावरूनच काढायची असं धायरीवाल्याने बजावलं होतं. त्याच्याकडेच गेलो. दोन नकला, एकशे साठ रुपये. चहाही त्यानेच पाजला.