स्टार्ट दाबा

मावसबहीण न्यू जर्सीहून येताना तिचं जुनं ब्रेड मशीन घेऊन आली. तिने नवीन घेतलं होतं, जुनं टाकवत नव्हतं, म्हणून तेवीस किलोंच्या बॅगेतले सात किलो माझ्या नावे खर्ची पडले. "दादा, काही म्हणजे काही करावं लागत नाही. सगळं आत टाकायचं आणि बटण दाबायचं."

मी तिच्यासमोरच दाबलं. अमेरिकेच्या १२० व्होल्टवर लहानाचा मोठा झालेला तो जीव, त्याला पुण्याचे २३० सोसले नाहीत. टक् असा आवाज आला, निळा धूर निघाला आणि घरभर जळक्या रबराचा वास सुटला. ॲडॅप्टरने फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही, हे घरातल्या प्रत्येकाने मला समजावून सांगितलं. अर्थात नंतर.

मशीन गेलं, पुस्तिका राहिली. चहाचे डाग, लोण्याचे ठसे आणि समासात बहिणीच्या अक्षरात शेरे: 'छान', 'साखर कमी', 'शेजारणीला द्यायची नाही'. ही शेवटची पाककृती बघून माझी जिद्द चाळवली. घरात दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेला स्टँड मिक्सर होता, ओटीजी होता. मळायला हा, भाजायला तो. मशीन तरी दुसरं काय करतं?

पाककृती अशी होती: पाणी १ १/८ कप, लोणी २ टेबलस्पून, साखर २ टेबलस्पून, दूध पावडर २ टेबलस्पून, मीठ दीड टीस्पून, ब्रेडचं पीठ ३ कप, यीस्ट २ टीस्पून. कृती: वरील क्रमाने भांड्यात घाला. बेसिक निवडा. स्टार्ट दाबा.

संपलं. म्हणजे 'हरभरा डाळ, गूळ, कणीक, वेलदोडे. आईला हाक मारा,' अशी पुरणपोळीची कृती लिहावी, तसलाच हा प्रकार.

कोल्हापूरची आत्या तेव्हा मुक्कामाला होती. मी 'एक अष्टमांश कप'पाशी अडलेला बघून ती म्हणाली, "अदपाव म्हण की सरळ. आमच्या दुकानात चहापत्ती अदपावानंच जायची." पावासाठी अदपाव! २४० मिलीच्या कपाचा अदपाव म्हणजे ३० मिली, दोन टेबलस्पून. माझा हिशेब आत्याने बसल्या जागी सोडवला आणि मिक्सरकडे बोट केलं. "याच्यात चटणी होती का रं?"

"नाही आत्या, हा तसला मिक्सर नाही."

"मग मिक्सर कशाला म्हणायचं त्याला?"

पहिला घोळ क्रमाचा. पुस्तिकेत चित्र होतं: खाली पाणी, वर पिठाचा डोंगर, डोंगरावर बोटाने खड्डा, खड्ड्यात यीस्ट, आणि यीस्टला पाण्याचा थेंबही लागता कामा नये. मी सत्यनारायणाचा चौरंग मांडावा तितक्या निगुतीने हे सगळं स्टँड मिक्सरच्या भांड्यात रचलं आणि मिक्सर चालू केला. पीठ मळायचा आकडा, म्हणजे हुक, एकदा फिरला. डोंगर, खड्डा, यीस्ट, सगळं दोन सेकंदांत पाण्यात. हे यीस्टचं सोवळं मशीनच्या टायमरसाठी असतं, ते मागाहून कळलं. रात्री सगळं भरून ठेवायचं आणि सकाळी गरम ब्रेड खायचा, तर यीस्टने पहाटेपर्यंत कोरडंच बसायला हवं. मी दुपारी अडीच वाजता समोर उभा होतो. इन्स्टंट यीस्ट पिठात नुसतं कालवलं असतं तरी चाललं असतं.

दुसरा घोळ मिनिटांचा. मळणी २५ मिनिटं, असं पुस्तिकेच्या मागच्या तक्त्यात होतं. मशीनचं पातं असतं अंगठ्याएवढं, ते आपलं सावकाश पीठ घोळवत बसतं. मिक्सरचा आकडा म्हणजे पैलवान. सहाव्या मिनिटाला गोळा आकड्यावर चढून मानेपर्यंत गेला. दहाव्या मिनिटाला मिक्सर ओट्यावरून चालायला लागला, आणि मी पोळ्याच्या बैलासारखा त्याला दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. २५ मिनिटं झाली तेव्हा मोटर तापली होती, मी तापलो होतो आणि गोळ्याला हात लावला तर तो आंघोळीच्या पाण्याइतका कोमट. मळून झालेलं पीठ २४ ते २७ अंशांवर हवं असतं. मे महिन्यात आमचं स्वयंपाकघरच चौतीसवर असतं. या मिक्सरला दुसऱ्या वेगावर आठ-दहा मिनिटं पुरतात, आणि पाणी कोमट नव्हे, माठातलं घ्यायचं.

तो गोळा पाऊण तासात इतका फुगला की झाकणासकट वर आला, आणि भट्टीत गेल्यावर तितक्याच तत्परतेने बसला. आत्याने त्याचे तुकडे तळून, चाट मसाला भुरभुरून चहाबरोबर संपवले. "वाया काय जात नसतंय," म्हणाली.

त्या रात्री मला झोप आली नाही. हे मशीन १९८६ च्या सुमारास जपानमध्ये मात्सुशिता कंपनीने काढलं. सुरुवातीच्या नमुन्यांतला ब्रेड धड होईना, तेव्हा इकुको तानाका नावाची त्यांची सॉफ्टवेअर करणारी बाई ओसाकाच्या एका हॉटेलात मुख्य बेकरच्या हाताखाली मळणी शिकायला गेली. तो पीठ ताणताना कसा पिळतो हे तिने पाहिलं, आणि मग भांड्याच्या आत उंचवटे आले. त्या बेकरचं मनगट, तानाकाबाईंची चिकाटी, हीटर, थर्मोस्टॅट, घड्याळ: स्टार्ट या एका शब्दाखाली एवढी माणसं आणि वस्तू दडल्या होत्या, आणि आता त्या सगळ्यांच्या जागी मी एकटा नेमला गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी पाण्याचा प्रश्न निघाला. १ १/८ कप पाणी अमेरिकेतलं जास्त प्रथिनांचं ब्रेडचं पीठ बरोबर पिऊन टाकतं. आपल्या मैद्याला तेवढी तहान नसते. भांड्यात डिंक तयार झाला. कप तरी कसला? पीठ चमच्याने भरलं तर १२५ ग्रॅम, कप पिठात खुपसून काढला तर १५० सुद्धा. तीन कपांत ७५ ग्रॅमचा घोटाळा! मी तराजू काढला. एक चमचा मैदा घाल, थांब. एक चमचा पाणी घाल, थांब. शेवटी आत्याला राहवेना. तिने गोळा दाबला, मग स्वतःच्या कानाची पाळी दाबली, मग पुन्हा गोळा.

"अजून दोन चमचे पीठ. कानाच्या पाळीसारखं लागलं पाहिजे. पुरणपोळीची कणीक कशी तिंबतोय आपण?"

आम्ही दोघं मिक्सरपाशी कान चाचपत उभे राहिलो. आठव्या मिनिटाला पिठाचा तुकडा ताणला, तर पलीकडचं कॅलेंडर अंधुक दिसेल इतका पातळ पडदा तयार झाला. आत्या म्हणाली, "आता थांब." बझर वाजला तो हाच.

पुढचं पटकन झालं. गोळा दुप्पट, हवा काढली, वळकटी करून साच्यात घातला, काठाच्या बोटभर वर आल्यावर १९० अंशांवर ३५ मिनिटं. ओटीजीचा वरचा रॉड जवळ असतो, म्हणून अर्ध्यातच वर फॉइल टाकला. बुडावर टकटक केलं तर पोकळ आवाज आला.

रात्री बहिणीला व्हिडिओ कॉल लावला. तिने ब्रेड पालथा करायला सांगितला आणि बराच वेळ बुडाकडे बघत राहिली.

"पात्याचं भोक कुठंय?"

"भोक नसतंच याला. पातं आत राहत नाही ना."

"आणि वर एवढा गोल कसा आला? माझा दर वेळी खचतो." मग जरा थांबून म्हणाली, "दादा, हीच रेसिपी ना? मग एक काम कर. तू नेमकं काय काय केलंस ते मला लिहून पाठव. फक्त मशीनमध्ये करता येईल असं लिही."