नेब्युला फिल्टर लावून सूर्य नाही बघत, भाऊ!

आठवडाभरापासून आमच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरून राहिला आहे. चुलत काकांनी तो फॅमिली ग्रुपवर टाकला तेव्हा मी गप्प बसलो. काकांना रोज सकाळी काहीतरी टाकायचंच असतं. पण परवा धाकट्या बहिणीचा फोन आला, "दादा, पिंटूच्या दुर्बिणीला तो फिल्टर लावून रविवारी सोसायटीतल्या पोरांना सूर्य दाखवला तर चालते ना?" नाही चालत. अजिबात नाही चालत.

मेसेज ज्यांच्यापर्यंत आला नसेल त्यांच्यासाठी त्याचा सारांश असा: साडेतीन हजारांचा 'नेब्युला फिल्टर' दुर्बिणीला लावला की शहरातल्या दिव्यांचा उजेड गायब होतो, अंधाऱ्या आकाशासाठी पेंचच्या जंगलात जायची गरज उरत नाही. तेजोमेघ (नेब्युला), म्हणजे आकाशातले वायूचे चमकते ढग, फोटोतल्यासारखे गुलाबी-निळे दिसतात. दीर्घिकांसकट, म्हणजे दूरच्या ताऱ्यांच्या प्रचंड समूहांसकट, आकाशातलं सगळं अंधुक उजळतं. शिवाय हा फिल्टर ९० टक्के प्रकाश अडवतो, म्हणून त्यातून सूर्य आणि ग्रहणसुद्धा 'सुरक्षित' बघता येतं. वर नासाची मान्यता. जास्तीत जास्त शेअर करा.

आधी सूर्याचंच बघू, कारण बाकीच्या थापांनी फार तर पैसे जातात, या थापेने डोळा जाईल.

९० टक्के हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. पिंटूची दुर्बीण ११४ मिलिमीटर आरशाची आहे. दिवसाउजेडी आपल्या डोळ्याची बाहुली आकसून साधारण तीन मिलिमीटरची होते. ११४ला तीनने भागा आणि वर्ग करा. उघड्या डोळ्याच्या तुलनेत तो आरसा चौदाशे पटींहून जास्त प्रकाश गोळा करतो. त्यातला ९० टक्के अडवला असं मेसेजवाल्याचंच म्हणणं धरलं, तरी उरतो उघड्या डोळ्याच्या १४० पट. उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे टक लावून बघू नये हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. इथे १४० पट सूर्य पोराच्या डोळ्यात सोडायचा आणि त्याला सुरक्षित म्हणायचं?

आता अधिकृत माप सांगतो. सूर्याकडे थेट बघण्याच्या चष्म्यांसाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १२३१२-२. त्यानुसार चष्म्यातून दृश्य प्रकाशाचा जास्तीत जास्त ०.००३२ टक्के भाग आत यायला हवा, म्हणजे सुमारे ३१ हजारांत एक भाग. मेसेजमधला फिल्टर दहांत एक भाग सोडतो, म्हणजे मानकाच्या तीन हजार पटींहून जास्त. आणि हे मानक नुसत्या डोळ्यांनी बघण्यासाठी आहे, दुर्बिणीतून बघायला तो चष्मासुद्धा चालत नाही.

हेही कमी म्हणून अवरक्त किरणांची भानगड आहे. तेजोमेघांचे फिल्टर रात्रीसाठी बनवलेले असतात. त्यांतले कितीतरी डोळ्याला न दिसणारे अवरक्त किरण खुशाल आत सोडतात, कारण रात्री त्याने कुणाचं काही बिघडत नाही. दिवसा तेच किरण दृष्टिपटल भाजतात. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. पोरगं 'आई गं' म्हणून डोळा काढून घेणार नाही, ते बघतच राहील, आणि नजरेच्या मधोमध पडलेला डाग काही तासांनी कळेल. हा फिल्टर आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, बुडाशी, सगळा प्रकाश एकवटतो त्याच्या अगदी जवळ बसतो. जुन्या स्वस्त दुर्बिणींसोबत तिथेच लावायचे काळे 'सन फिल्टर' मिळायचे, ते तापून तडकायचे. तेही वापरू नयेत हे हौशी लोकांना कधीपासून ठाऊक आहे. सूर्य बघण्यासाठी खास बनवलेली सौर फिल्म लावायची ती दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, पूर्ण तोंड झाकेल अशी, आणि नेम धरायला बाजूला बसवलेल्या छोट्या शोधक दुर्बिणीवर झाकण ठेवून. यातलं काही जमत नसेल तर पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडा आणि कागदावर सूर्याची प्रतिमा बघा. २ ऑगस्ट २०२७ला भारतातून खंडग्रास ग्रहण दिसणार आहे, तेव्हा हा मेसेज पुन्हा उगवेल याची मला खात्री आहे.

आता दिव्यांचा मुद्दा. इथे मला थोडं नमतं घ्यावं लागतं, कारण फिल्टर ही फसवणूक नाही. १८६४ मध्ये विल्यम हगिन्स या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने कालेय तारकासमूहातल्या एका तेजोमेघाचा वर्णपट, म्हणजे प्रकाश फाकवून दिसणारा रंगांचा पट्टा, पाहिला. ताऱ्यांसारखा सलग पट्टा दिसेल अशी त्याची अपेक्षा होती, दिसल्या मोजक्या चमकत्या रेषा. त्यातल्या हिरव्या रेषा कुठल्याच ओळखीच्या मूलद्रव्याच्या नव्हत्या, म्हणून 'नेब्युलियम' नावाचं नवं मूलद्रव्यच कल्पून झालं. १९२७ मध्ये आयरा बोवेन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की तो साधा ऑक्सिजन आहे, दोन इलेक्ट्रॉन गमावलेला. त्याच्या दोन रेषा ४९५.९ आणि ५००.७ नॅनोमीटरवर आहेत. नेब्युला फिल्टरांतला 'ओ-तीन' नावाचा प्रकार तेवढाच अरुंद पट्टा सोडतो, 'यूएचसी' थोडा रुंद, त्यात हायड्रोजनची ४८६.१ची रेषाही येते. बाकी प्रकाश अडला की आकाश काळवंडतं आणि मेघ उठून दिसतो. मेघ स्वतः उजळत नाही, पार्श्वभूमी विझते.

पूर्वीचे पिवळे सोडियमचे दिवे बहुतांश पिवळ्या-नारिंगी भागात जळायचे, फिल्टर त्यांना सहज अडवायचा. आता जिकडे पाहावं तिकडे पांढरे एलईडी. त्यांचा प्रकाश वर्णपटभर पसरलेला असतो, ५००च्या आसपासही थोडा असतोच, आणि तो मेघाच्या प्रकाशासोबत सरळ आत येतो. फिल्टर म्हणजे चाळणी, आणि खडा दाण्याएवढाच असेल तर चाळणी काय करणार? तेव्हा फायदा आहे, पण 'पेंचला जायची गरज नाही' हे अति झालं. जानेवारी २०२४ मध्ये पेंच भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपणारं उद्यान, ठरलं, त्यासाठी जंगलाच्या कडेच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलावे लागले. एका काचेत ते काम होत असतं तर एवढा खटाटोप कुणी कशाला केला असता?

रंगांचं म्हणाल तर विषयच संपतो. अंधुक उजेडात डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाहीत. फोटोतला गुलाबी-लाल रंग मुख्यतः हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटरच्या रेषेचा, आणि त्या लालसाठी या पेशी जवळजवळ आंधळ्या असतात. मृगातला तेजोमेघ राखाडी दिसतो, फार तर हिरवट झाक. ओ-तीन लावला तर ताऱ्यांसकट सगळंच हिरवट दिसतं. फोटोतल्या गुलाबीची वाट बघू नका.

दीर्घिका उजळतात हेही खोटं. देवयानी या दीर्घिकेचा प्रकाश म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा सलग वर्णपट, फिल्टर तोच कापतो, मग ती आणखी फिकी पडते. कृत्तिकांभोवतीची धूसर झालर ताऱ्यांचाच परावर्तित प्रकाश आहे, तिथेही उपयोग शून्य.

फिल्टर घेऊन झालाच असेल तर पाऊस सरल्यावर ऑक्टोबरच्या संध्याकाळी डंबेल तेजोमेघ शोधा. नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशावर, आकाशात तो साधारण पावणेतेवीस अंश उत्तरेला, म्हणजे तो आपल्या जवळजवळ डोक्यावरूनच जातो, आणि तिथे शहराचा उजेड सगळ्यात कमी. आयपीस कमी विवर्धनाचं लावा आणि डोळ्याला अंधारात वीसेक मिनिटं द्या. मोबाइल खिशात. आधी फिल्टरशिवाय बघा, मग लावून. फरक दिसेल, आणि तो बघण्यासारखा आहे.

राहिली नासाची मान्यता. सूर्यग्रहणाच्या चष्म्यांच्या कुठल्याही ब्रँडला आपण मान्यता देत नाही, असं नासाने स्वतःच जाहीर लिहून ठेवलं आहे. साडेतीन हजारांच्या या काचेला ती कुठून मिळाली, ते मी काकांना ग्रुपवरच विचारलं आहे.